राजवाड्यातला मुक्काम

घराला माणसांची सवय असते, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत. चुलीचा धूर तुळयांना लागे, सडासंमार्जनाने अंगण जागे राही, मृगापूर्वी कौलांची शाकारणी होई. म्हणून वाडा उभा राही. माणसे उठून गेली की दोनतीन पावसाळ्यांतच भिंतींना ओल धरते आणि पिंपळाचे रोप गच्चीच्या सांध्यात मूळ रोवते. जे साध्या वाड्याचे, तेच राजवाड्याचे. फरक इतकाच, की वाड्याचे चार खण पडले तर शेजाऱ्यांना हळहळ वाटते, आणि राजवाडा पडला तर एका काळाची साक्षच पुसली जाते.

मराठी माणूस माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेस कसा आला, कसा रुजला, हे ज्या वास्तूंनी पाहिले त्यांतील काहींत आज पैसे मोजून कोणालाही रात्रीचा मुक्काम करता येतो. अशा महालांविषयी आपल्या वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात, हा या लेखाचा हेतू. केवळ हौसेच्या सहलीचा हा विषय नाही. आपला वारसा कोणी, कसा आणि कोणाच्या भाषेत सांगावयाचा, हा प्रश्नही त्याच्याशी जोडलेला आहे.

संस्थाने विलीन झाली तरी संस्थानिकांना तनखे मिळत होते. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तेही बंद झाले. शेकडो दालने, दिवाणखाने, बागा, पागा आणि त्यांची देखभाल करणारी माणसे मात्र होती तशीच होती. उत्पन्न आटले आणि छपरे गळू लागली. अशा वेळी मालकांपुढे मार्ग तरी किती होते? आमच्या इंदूरच्याच चार वास्तू पाहिल्या, तर त्या सर्व मार्गांचे दर्शन घडते. होळकरांचा जुना सात मजली राजवाडा १९८४ च्या दंगलीत पेटला आणि त्याचा आतला मोठा भाग भस्म झाला. पुढे तो पुन्हा बांधून काढावा लागला. लालबाग महालाचे संग्रहालय झाले. यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून अत्याधुनिक पद्धतीने बांधून घेतलेल्या माणिकबागेत सरकारी करखात्याची कचेरी भरू लागली. आणि अहिल्यादेवींच्या महेश्वरच्या किल्ल्याचा एक भाग पाहुण्यांसाठी उघडला गेला. अग्नी, संग्रहालय, कचेरी आणि अतिथिगृह. हिंदुस्थानातील बहुतेक राजवाड्यांचे प्राक्तन या चारांपैकी एकात बसते. पाचवा मार्ग विक्रीचा किंवा मोडतोडीचा. त्याची उदाहरणे देण्यात आनंद नाही.

महालाचे हॉटेल करण्याची वाट राजपुतान्याने आधी चोखाळली. जयपूरच्या सवाई मानसिंगांनी १९५७ साली आपला रामबाग महाल पाहुण्यांसाठी खुला केला, तेव्हा तनखे बंद व्हावयास चौदा वर्षे अवकाश होता. उदयपूरचा जगनिवास, म्हणजे पिछोला तलावातील तो पांढराशुभ्र जलमहाल, १९६३ साली हॉटेल झाला. जोधपूरचा उमेदभवन महाल तर बांधलाच गेला दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून. १९२९ ते १९४३ अशी चौदा वर्षे त्याचे काम चालले. आज त्याचा एक भाग राजघराण्याकडे, एक संग्रहालयाकडे आणि एक पाहुण्यांकडे आहे. पुढे केंद्र सरकारने अशा वास्तूंसाठी निराळा वर्गच केला. महाल, किल्ला, हवेली, शिकारखाना किंवा निवासस्थान १९५० पूर्वी बांधलेले असेल तर ते या वारसा वर्गात येऊ शकते. मात्र मूळ वास्तूचे रूप बिघडता कामा नये, अशी अट आहे.

मराठी मनाला मात्र जवळचे वाटते ते महेश्वर. इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर नर्मदेच्या उत्तर तीरी हा किल्ला उभा आहे. येथील अतिथिगृह यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी २००० साली सुरू केले. आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. जयपूर-उदयपूरचा झगमगाट मनात धरून जो येथे येईल त्याची निराशा होईल, आणि ती होणेच उचित. अहिल्यादेवींचा राहता वाडा पाहिला की उलगडा होतो. लाकडी खांब, उतरते कौलारू छप्पर, बेताचा चौक. एखाद्या सुखवस्तू देशस्थाच्या वाड्याहून त्यात वेगळे असे फारसे नाही. ज्या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळे बांधली, तिने स्वतःसाठी एवढेच बांधले. तिची गादी येथे जपून ठेवली आहे आणि ती पाहण्यास हॉटेलात उतरण्याची गरज नाही. तिने घालून दिलेले लिंगार्चनही चालू आहे. काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगे पाटावर घडविली जातात, त्यांची पूजा होते आणि ती नर्मदेत विसर्जित होतात. पाहुण्याच्या खोलीपासून हे सारे हाकेच्या अंतरावर चालते, आणि पाहुण्यासाठी म्हणून चालत नाही. आमच्या मते या मुक्कामाचे खरे मोल त्यात आहे.

महेश्वरची दुसरी शिकवण मागांची. १९७९ साली येथे 'रेवा सोसायटी' ही विणकरांची संस्था उभी राहिली. रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी तिचा पाया घातला. मोडकळीस आलेला माहेश्वरी साडीचा धंदा तिने सावरला. चटई, ईंट, लहर ही काठांची नावे आपल्या घरातील बायकांना पाठ असतात. पण घाटाच्या दगडी कामावरून हात फिरविला की ती नक्षी साडीवर कोठून आली हे बोटांनाच कळते. किल्ल्यात आलेला पाहुणा माग पाहतो, साडी विकत घेतो आणि गावाच्या पोटाला दोन घास मिळतात. हॉटेल आधी निघाले असते आणि माग नंतर आठवले असते, तर ते केवळ देखावा ठरले असते. येथे क्रम उलटा होता. माग आधी लागले, पाहुणे वीस वर्षांनी आले.

ग्वाल्हेरचा थाट वेगळा. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधविलेला जयविलास महाल, त्यातील प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे, जेवणाच्या मेजावरून सिगार घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी, हे सारे १९६४ पासून तेथील संग्रहालयात पाहता येते. लगतचा उषाकिरण महाल हा शिंद्यांच्या पाहुण्यांसाठी बांधलेला; त्याचे आज हॉटेल झाले आहे. जाळीदार सज्जे, प्रशस्त हिरवळ, उंच छताची दालने. वैभव आहे, पण ते अंगावर धावून येत नाही. ग्वाल्हेरीस जाणाऱ्या संगीतप्रेमींनी मात्र महालापुरते थांबू नये. ज्या गायकीने महाराष्ट्राला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हातून ख्याल दिला, ती या दरबारच्या आश्रयाने वाढली, हे मनात ठेवून गावात हिंडावे.

हैदराबादेतील आपल्या बांधवांना फलकनुमा ठाऊक असणारच. वजीर विकार-उल-उमरा यांनी तो बांधला, पुढे तो सहाव्या निजामाकडे गेला. कित्येक वर्षे कुलपे लागलेली होती. सुमारे दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१० साली तो हॉटेल म्हणून उघडला. तेथे एकाच मेजावर १०१ जणांची पंगत बसते. दर पाहून आमच्यासारख्यांची छाती दडपते, हेही सांगितले पाहिजे.

गोवा आणि बेळगाव भागातील वाचकांना सावंतवाडी जवळची. तेथील राजवाड्याच्या आवारात आता मोजक्या खोल्यांचे अतिथिगृह आहे आणि त्याची सजावट गंजिफाच्या चित्रांवर बेतलेली आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. ही कला लोप पावण्याच्या बेतात असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगविली. दरबार हॉलमध्ये आजही ती पाने रंगविताना पाहता येतात. याच सावंत-भोसल्यांचा तेरेखोलचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. पुढील काळात तेथेही हॉटेल चालविले गेले. त्याच्या सात खोल्यांना सात वारांची नावे होती. पणजीच्या फोंतेन्यास भागात जुन्या घरांतील छोटी निवासस्थाने आहेत. गोव्यातील हिंदू घरांचे राजांगण, त्यामधील तुळशीवृंदावन, चहूबाजूंची ओसरी यांचे वैभव तर कोणत्याही महालाला हार जाणारे नाही. पण तशा घरांत उतरण्याचा योग अजून क्वचितच येतो.

येथवर गुणगान झाले. आता दुसरी बाजू. एका मराठी संस्थानिकाच्या महालात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, आमचे स्वागत राजस्थानी फेटे बांधलेल्या नोकरांनी 'खम्मा घणी' म्हणून केले. भिंतीवर नऊवारी नेसलेल्या, कपाळी चिरी लावलेल्या एका राणीसाहेबांचे तैलचित्र होते. त्याखाली नाव नव्हते. विचारले तर व्यवस्थापकांनी नम्रपणे 'कोणी राजकन्या असावी' एवढेच सांगितले. जेवणाच्या यादीत लाल मांस होते, दालबाटी होती. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजलेला एकही मराठी पदार्थ नव्हता. सेवेत कसूर नव्हती, अंथरूण मऊ होते. पण वाटले, छप्पर वाचले आणि घर हरवले. परक्या प्रवाशाच्या मनात राजवाडा म्हणजे राजस्थान असे एक चित्र ठसलेले असते. धंद्याच्या सोयीसाठी सगळेच महाल त्या एका साच्यात ओतले गेले, तर माळव्यातील मराठ्यांची अडीचशे वर्षे त्या साच्याबाहेर सांडून जातील.

यावर पाहुण्याच्या हाती काही आहे काय? पुष्कळ आहे. मालक काय राखतो हे पाहुणा काय विचारतो यावर ठरते. खोली ठरविताना घराण्यातील कोणी तेथे राहतात काय, जुना मुदपाकखाना चालू आहे काय, कागदपत्रे आणि चित्रे पाहावयास मिळतील काय, हे अवश्य विचारावे. आदल्या दिवशी सांगितले तर पुरणपोळी किंवा भरली वांगी करून देणारे आचारी अजून आहेत. चित्राखाली नाव नसेल तर अभिप्रायाच्या वहीत तसे सौजन्याने लिहावे. दहा जणांनी लिहिले की अकराव्याला नाव वाचावयास मिळते.

काही व्यावहारिक सूचना. जुन्या वास्तूंत पायऱ्या उंच आणि जिने अरुंद असतात. उद्वाहक बहुधा नसतो. आजी-आजोबा बरोबर असल्यास तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. माळव्यासाठी कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. उन्हाळ्यात दर उतरतात, पण ऊनही तापते. मुक्कामाचा खर्च झेपणारा नसेल तर पुष्कळ ठिकाणी आधी कळवून केवळ दुपारच्या जेवणास किंवा चहास जाता येते. चार भिंती त्याच, चौक तोच. खोलीत थोडी ओल दिसली तर लगेच नाक मुरडू नये. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. उलट अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविलेला दिसला तर काळजी करावी, कारण ओल आत कोंडते आणि वीट पोखरते.

अखेरीस मनातील गोष्ट. राजवाड्यांची चिंता करणारे आपण, आपल्या वाड्यांचे काय केले? इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे. कोणत्याही गावच्या जुन्या मराठी वस्तीत पाहा. एका वाड्याचे बारा वारस, त्यांतले पाच परदेशी, दोघांचा अबोला. छपराच्या दुरुस्तीवर एकमत होत नाही. विक्रीवर मात्र होते. वर्षभरात तेथे सदनिकांची इमारत उभी राहते आणि पूर्वजांचे नाव तेवढे फाटकावर लागते. यात कोणाला दोष द्यावा असे नाही. मुलांचे शिक्षण, वृद्धांचे औषधपाणी, यांपुढे सागवानी तुळयांची माया तोकडी पडते.

तरीही एक मार्ग आहे, आणि तो महाल असणाऱ्यांपुरता नाही. केंद्र सरकारच्या गृहनिवास योजनेत एक ते सहा खोल्या पाहुण्यांना देता येतात. अट एवढीच, की घरच्या माणसांनी तेथे राहिले पाहिजे. आपल्या वाड्यांना हवे आहे ते नेमके हेच. वारसांनी एकत्र बसून उत्पन्नाचे आणि खर्चाचे वाटे लेखी ठरवावेत, एकाने राहण्याची जबाबदारी घ्यावी, आणि माजघराशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट कराव्यात. त्यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पण शाकारणीचा खर्च निघेल. सकाळी तुळशीला पाणी घालणारी सून, झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आणि पानात वाढलेले गरम थालीपीठ, हे कोणत्याही पंचतारांकित महालाला विकत आणता येत नाही.

ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्या वाचकांनी या दिवाळीत सगळे वारस घरी जमतील तेव्हा फराळानंतर हा विषय काढावा, एवढीच आमची विनंती.