पृ., संपा. आणि यंत्राने मांडलेली संदर्भसूची

शोधनिबंधाची संदर्भसूची हाताने लिहिणारे आता कमी झाले आहेत. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलेले झोटेरो किंवा त्यानंतरचे मेंडेली यांसारखे सॉफ्टवेअर पुस्तकाचा तपशील एकदा साठवते आणि हव्या त्या शैलीत सूची मांडून देते. या दोन्हींमागे ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ ही खुली नियमभाषा आहे. शैली आणि शब्द यांची तिने केलेली फारकत मला सर्वांत मोलाची वाटते. शैलीची फाइल एवढेच सांगते, की इथे पानाची खूण संक्षिप्त रूपात छापा. ते रूप कोणते, हे भाषेची वेगळी फाइल ठरवते. इंग्रजीत एका पानाला ‘पी.’ आणि अनेकांना ‘पीपी.’, जर्मनमध्ये दोन्हींना ‘एस.’. 1985 च्या बिबटेक या सूची मांडणाऱ्या प्रणालीत असे नव्हते. त्याच्या मूळ शैलींत ‘एडिटर’, ‘व्हॉल्यूम’ हे इंग्रजी शब्दच कोरलेले होते, त्यामुळे भाषा बदलायची तर शैलीच उसवावी लागे.

ही फारकत हवीच, कारण संक्षेप म्हणजे शब्दाचे शेपूट छाटणे नव्हे; तो त्या त्या भाषेतला रूढ संकेत असतो. नियतकालिकांच्या नावांसाठी आयएसओ 4 हे मानक आहे आणि त्याची शब्दयादी पॅरिसचे आयएसएसएन केंद्र सांभाळते. त्यानुसार ‘जर्नल’चे ‘जे.’ होते, पण ‘नेचर’सारखे एकशब्दी नाव अखंड राहते. मराठीत तर आद्याक्षरापासूनच अडचण सुरू होते. ‘पहिले चिन्ह घ्या’ हा नियम रोमन लिपीत चालतो. तोच इथे लावला तर वि. वा. शिरवाडकरांचे ‘व. व.’ होईल. श्री. ना. पेंडशांमधला ‘श्री’ संगणकाच्या लेखी चार चिन्हांचा आहे. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभाजनात आला तो 2023 च्या 15.1 या आवृत्तीत, म्हणजे कालपरवाच. शिवाय आपल्याकडे आवृत्ती दुसरी, खंड दुसरा आणि पुस्तक दुसरे. फ्रेंचसारख्या भाषांसाठी या नियमभाषेत लिंगानुसार क्रमवाचक बदलण्याची सोय आहे. पण कोणता शब्द कोणत्या लिंगाचा, हे त्या भाषेच्या जाणकारानेच भरायला हवे.

यावर कोणी म्हणेल, पडद्यावर जागेची टंचाई नाही, मग सगळे पूर्णच लिहा. यात तथ्य आहे. पडद्यावर टीप एकेकटी उघडते, तिथे ‘तत्रैव’ वाचून काहीच कळत नाही. शिकागो शैलीच्या 2017 च्या सतराव्या आवृत्तीने ‘इबिड’ (इंग्रजीतले ‘तत्रैव’) टाळण्याचा सल्ला दिला तो अशाच कारणाने. पण छापील नियतकालिके संक्षेप मागतात आणि मागत राहतील. म्हणून नोंद पूर्ण ठेवावी आणि संक्षेप तिच्यातून काढावा. उलट दिशेने जाता येत नाही, कारण ‘बायोल.’ पाहून मूळ शब्द बायोलॉजी की बायोलॉजिकल, हे सांगता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता अंदाजाने भरेल, ही दुसरी आशा. पण सूचीला अंदाज चालत नाही, सातत्य लागते. एका ओळीत ‘संपा.’ आणि दुसरीत ‘सं.’ आले, की ‘सं.’ म्हणजे संपादक की संस्करण, हा घोळ वाचकाच्या माथी येतो. मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र बसून पानभर संक्षेपांची यादी ठरवावी. भाषेच्या फाइली खुल्या आहेत. ती यादी त्यांत भरायला कोणाची परवानगी विकत घ्यावी लागत नाही.