परदेशी स्थायिक होण्याआधीचे शेवटचे तीन महिने

‘फादर, व्हिसा आला आहे, दाखले लवकर हवे आहेत,’ ही विनंती उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील धर्मग्रामांच्या कार्यालयांना आता नवी राहिलेली नाही. पूर्वी घरातील एकटा पुरुष आखाती देशात नोकरीस जाई आणि कुटुंब मागे राहत असे. आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड येथे कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळवून पती, पत्नी व मुले अशी सारी एकदम निघतात. परवानगी हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, परंतु ती आल्यानंतर तयारीस उरतात ते जेमतेम तीन महिने. या काळात काय करावे, काय टाळावे आणि कोणत्या गोष्टीसाठी धर्मग्रामाकडे यावे, याविषयी काही माहिती येथे देत आहोत.

स्थलांतर हा आपल्या परिसराचा जन्मजात अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडला सेंच्युरी रेयॉन, यांच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उगवले ते आपले वाडवडीलही नगर जिल्ह्यातून, गोव्याहून, मंगळूरहून किंवा केरळातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन येथे उतरले होते. ख्रिस्तसभेनेही स्थलांतरितांकडे कधी दुर्लक्ष केलेले नाही. बारावे पायस यांनी १९५२ साली ‘एक्सुल फामिलिया’ हा दस्तऐवज प्रसृत केला, तर २००४ साली रोमने ‘एर्गा मिग्रांतेस’ ही सूचनावली दिली. स्थलांतरितांचा जागतिक दिन २०१९ पासून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळला जातो. तेव्हा निघणाऱ्या कुटुंबाने संकोचून गुपचूप जाण्याचे कारण नाही. दृष्ट लागेल म्हणून विमानात बसेपर्यंत कोणाला न सांगणे ही आपल्याकडील एक विचित्र सवय आहे. तिच्यापायी दाखल्यांची धावपळ अखेरच्या आठवड्यात होते, एवढेच.

प्रथम धर्मग्रामाच्या दाखल्यांविषयी. कुटुंबातील प्रत्येकाचा स्नानसंस्काराचा दाखला, ज्यांचे दृढीकरण झाले आहे त्यांचा तो दाखला, आणि पतिपत्नींचा विवाहसंस्काराचा दाखला सोबत असावा. याची गरज पहिल्याच महिन्यात पडते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालतात. तेथे प्राथमिक वर्गात प्रवेश घेताना बालकाचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा स्नानसंस्काराचा दाखला मागितला जातो. ऑस्ट्रेलियातील कॅथलिक शाळाही तो पाहतात. दाखला ज्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला तेथूनच मिळतो, आज आपण ज्या धर्मग्रामात राहतो तेथून नव्हे. अनेकांचा स्नानसंस्कार आईच्या माहेरी झालेला असतो. त्या गावी पत्र पाठवून, नोंदवही शोधून, दाखला येईपर्यंत महिना सहज निघून जातो.

येथे एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. धर्मनियमांप्रमाणे (नियम ५३५) व्यक्तीचे दृढीकरण, विवाह, दीक्षा यांची टीप तिच्या स्नानसंस्काराच्या मूळ नोंदीशेजारी करावयाची असते. मुलाचे दृढीकरण बदलापुरात झाले आणि स्नानसंस्कार श्रीरामपूरला, तर ती माहिती श्रीरामपूरच्या नोंदवहीत गेली पाहिजे. ती गेली नाही तर पंधरा-वीस वर्षांनी टोरांटोत त्या मुलाच्या लग्नाच्या वेळी नवा दाखला मागविला जाईल आणि त्यावर दृढीकरणाचा रकाना कोराच दिसेल. आज एका पत्राने होणारे काम तेव्हा सातासमुद्रापलीकडून करावे लागेल.

सिरो-मलबार परंपरेतील कुटुंबांसाठी आणखी एक खुलासा. या तीन गावांत लॅटिन परंपरेच्या धर्मग्रामांबरोबरच १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचेही बरेच श्रद्धावंत आहेत. त्या परंपरेत स्नानसंस्काराबरोबरच बालकाला दृढीकरणही दिले जाते. परदेशातील लॅटिन शाळेत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दृढीकरणासाठी तयार करतात, त्यात हे मूलही ओढले जाते. दृढीकरण पुन्हा देता येत नाही. म्हणून दाखल्यावर दोन्ही संस्कारांची तारीख स्पष्ट लिहून घ्यावी. लॅटिन मंदिरात स्नानसंस्कार झाला म्हणून सिरो-मलबार कुटुंबातील मूल लॅटिन ठरत नाही, हेही ध्यानी असावे. मेलबर्न, शिकागो, मिसिसॉगा आणि ग्रेट ब्रिटन येथे सिरो-मलबार धर्मप्रांत आहेत. तेथे पोचताच नाव नोंदवावे.

दाखल्यांतील सर्वांत मोठा घोळ नावांचा. नगरकडून आलेल्या कुटुंबांत स्नानसंस्काराच्या वहीत ‘मारिया’ असलेली मुलगी शाळेत ‘सुनीता’ असते, लग्नानंतर रेशनकार्डावर तिसरेच नाव येते आणि पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. गोव्याकडील ‘जुझे’ शाळेत ‘जोसेफ’ होतो. कार्यालयात येऊन ‘एवढे एक अक्षर बदला’ असा आग्रह धरला जातो, परंतु नोंदवहीतील मूळ नोंद तोंडी विनंतीवरून बदलण्याचा अधिकार धर्मगुरूला नाही. नागरी नावात बदल हवा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी हा सरळ मार्ग आहे. तो अखेरच्या आठवड्यात उरकत नाही. पासपोर्टवर जे नाव आहे तेच प्रमाण धरून बाकी सारे त्याला जुळवून घ्यावे.

जन्मदाखल्याबाबत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. जन्माची नोंद राहत्या घराच्या नव्हे तर जन्मस्थळाच्या कार्यालयात होते. बदलापुरात वाढलेल्या पण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जन्मलेल्या व्यक्तीने कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत कितीही खेपा घातल्या तरी नोंद सापडणार नाही. शिवाय १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात समाविष्ट होते, ते १९९२ साली वेगळे झाले. त्या नऊ-दहा वर्षांत जन्मलेल्यांनी, म्हणजे आज चाळिशीच्या आसपास असलेल्या पालकांनी, आपली नोंद कोणत्या दप्तरात आहे याची आधी चौकशी करावी. हाती असलेला दाखला जुना, हस्तलिखित व मराठीत असल्यास इंग्रजीतील नवी प्रत घ्यावी.

कागदपत्रांवरील अपोस्टिल या शिक्क्याविषयी विचारणा होते. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडही त्यात आहेत आणि कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. राज्य शासनाच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालय हा शिक्का देते. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश करारात नसल्याने तेथे जाणाऱ्यांना त्या देशाच्या वकिलातीचे प्रमाणीकरण लागते. आखातात नोकरीस जाणाऱ्यांपैकी दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना १९८३ च्या कायद्यानुसार स्थलांतर-परवानगी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे: दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू वा अपंगत्वास दहा लाखांचे संरक्षण. इतक्या अल्प रकमेत एवढे संरक्षण अन्यत्र सहसा मिळत नाही.

आता घराविषयी, कारण खरा गुंता येथेच होतो. उल्हासनगरात घराची कागदपत्रे हा नाजूक विषय आहे. विस्थापितांना मिळालेल्या जागेची सनद एकाच्या नावावर, बांधकाम दुसऱ्याचे, खरेदी साध्या स्टॅम्पपेपरवर, असे प्रकार सर्रास आढळतात. येथील ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला आणि २००६ साली केवळ उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. ज्यांचे घर अशा इमारतीत आहे त्यांनी तिची सद्यस्थिती महानगरपालिकेत लेखी विचारून ठेवावी. अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांत भागप्रमाणपत्र, नामनिर्देशन आणि थकबाकी नसल्याचे पत्र एवढे तरी हाती घ्यावे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती केवळ विश्वस्त असते. मालकी कोणाला द्यावयाची ते मृत्युपत्रात लिहावे. त्यास दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण इष्ट आहे. निघण्याच्या धामधुमीत मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ मानणारे आपल्यातही आहेत, याचे नवल वाटते.

मागे राहणाऱ्या भावाला किंवा विश्वासू नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्यावयाचे असल्यास ते येथे असतानाच नोंदणी कार्यालयात करून द्यावे. परदेशातून केल्यास तेथे प्रमाणित करून, येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. ते सर्वाधिकार देणारे नसावे: भाडे घेणे, वीजबिल व कर भरणे, सोसायटीच्या सभेस जाणे, एवढेच अधिकार नावानिशी लिहावे. विक्रीचा अधिकार विचार करूनच द्यावा. भावाभावांत वितुष्ट येण्याचे मूळ बहुधा अशा मोघम कागदात असते. घर भाड्याने द्यावयाचे असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा. तसे कायदाच सांगतो.

बँकेला आपण अनिवासी होत असल्याचे कळवून बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घेणे आवश्यक आहे. पुष्कळजण ते वर्षानुवर्षे टाळतात. त्याहून क्षुल्लक वाटणारी पण अधिक त्रास देणारी गोष्ट म्हणजे मोबाइल. बँक, विमा, प्राप्तिकर या सर्वांचे गुप्त संकेतांक भारतातील क्रमांकावर येतात. तो क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला की आपल्याच पैशापर्यंत पोचणे दुरापास्त होते. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे आणि रिचार्जची आठवण कोण ठेवणार ते ठरवावे.

परंतु या सर्वांहून जड प्रश्न आहे तो मागे राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांचा. ‘सहा महिन्यांत त्यांना बोलावून घेऊ’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात आईवडिलांना कायमचे नेण्याची वाट लांब आणि खर्चाची असते, आणि पुष्कळ वृद्धांना जावयाचेच नसते. तेव्हा ते येथेच राहणार असे गृहीत धरून तयारी करावी. पहिला प्रश्न इमारतीचा. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आईवडिलांना ठेवून जाणाऱ्याने सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. तो नसेल किंवा प्रतिकूल असेल, तर त्यांची तळमजल्यावर वा अन्य इमारतीत सोय करणे हे सामान बांधण्याच्या आधीचे काम आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून तो जीवन प्रमाण पद्धतीने संगणकावरही देता येतो, पण अंगठा उमटविण्यास कोणीतरी हाताला धरून नेणारे हवे. त्या व्यक्तीचे नाव आज ठरले पाहिजे. घराची दुसरी किल्ली कोणाकडे, रात्री छातीत दुखले तर कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, औषधांची यादी कोठे चिकटविली आहे, हे तीन शेजाऱ्यांना तरी ठाऊक असावे. आजारी व्यक्तींना घरी ख्रिस्तशरीर नेऊन देण्याची व्यवस्था धर्मग्रामात असते. आईवडिलांचे नाव त्या यादीत मुलांनी स्वतः येऊन द्यावे. वृद्ध माणसे आपणहून मागत नाहीत.

सामानाविषयी थोडक्यात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे लाकडी वस्तू, बिया व वनस्पतिजन्य पदार्थ उतरताच जाहीर करावे लागतात, लपविल्यास जबर दंड होतो. मसाले आणि लोणच्याची लोकांना आठवण असते, पण देवघरातील झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी, बियांची जपमाळ आणि लाकडी क्रूसही त्यात येतात, हे सुचत नाही. झावळी येथेच ठेवावी, क्रूस जाहीर करून न्यावा. आजोबांच्या काळातील लाकडी संतमूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही. ती धाकट्या भावाकडे सोपवावी. कॅनडास जाणाऱ्यांनी सोबतच्या आणि मागाहून येणाऱ्या सामानाची किमतीसह यादी पहिल्या प्रवेशाच्या वेळीच सीमाशुल्क अधिकाऱ्यास द्यावी, अन्यथा मागाहून येणाऱ्या वस्तूंवर कर बसतो. दागिन्यांची छायाचित्रे व मूल्यांकन जवळ असावे. मूळ कागदपत्रे मात्र मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नयेत, ती हातातल्या पिशवीतच असावीत.

तिकीट जुलै-ऑगस्टचे असेल तर बदलापूर-अंबरनाथकरांनी आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामास जावे. २६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांना आठवतो, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. विमान उल्हास नदीची वाट पाहत नाही.

प्रवासास निघणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात स्वतंत्र विधी आहे. तो रविवारच्या मिस्सातही करता येतो. त्यासाठी निदान दोन आठवडे आधी कार्यालयात सांगावे, तेव्हाच नव्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना द्यावयाचे ओळखपत्र आणि आपला तेथील पत्ता यांचीही देवाणघेवाण होईल. विधीच्या वेळी वेदीजवळ येताना मागे राहणाऱ्या आईवडिलांनाही सोबत आणावे.