द्राक्षमळ्यांची एक सहल

इ. स. च्या चौदाव्या शतकांत मोरोक्को देशाचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. येथील किल्ला व बाजार यांच्या वर्णनाबरोबरच द्राक्षें आणि डाळिंबें यांचीहि त्यानें नोंद केली असून, हीं फळें येथें वर्षांतून दोन वेळां येतात, असें लिहून ठेविलें आहे. तेव्हां द्राक्ष हें आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरास उपरें पीक नव्हे. असें असतां आज द्राक्ष म्हटलें कीं नाशिकचें नांव प्रथम तोंडीं येतें, आणि पैसे मोजून द्राक्षमळा पाहण्यास माणसें जातात तींहि नाशिकासच. हें कसें घडलें, व त्यांत शेतकऱ्याच्या पदरांत काय पडतें, हें प्रत्यक्ष पाहावें म्हणून आमच्या संघाच्या नऊ सभासदांची एक लहान सहल गेल्या फेब्रुवारींत नाशिकास गेली होती. तिची हकीकत सभासद बंधुभगिनींच्या माहितीसाठीं येथें देत आहें.

एक खुलासा आरंभींच केलेला बरा. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. नऊ जणांपैकीं तिघे माळकरी होते व त्यांनीं पेल्यास स्पर्शहि केला नाहीं. परंतु जें पीक आपण लावतों, किंवा लावावें म्हणून आपणांस सुचविलें जातें, त्याचें पुढें काय होतें हें जाणून घेणें शेतकऱ्याचें कर्तव्यच आहे.

निफाडचा मुक्काम

पहाटे निघून वैजापूर, येवला, विंचूर या मार्गानें आम्ही निफाड तालुक्यांत शिरलों. वैजापूर मागें पडेपर्यंत कापसाच्या पऱ्हाट्या दिसत होत्या. येवल्यापुढें कांद्याचे वाफे लागले आणि मग दृष्टि पोहोंचेल तेथवर द्राक्षाचे मांडव. निफाडास माझे मामेभाऊ आम्हांस येऊन मिळाले. त्यांस बरोबर घेण्यास कारण होतें.

राज्य शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून वाइनच्या धंद्यास सवलती दिल्या, आणि विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें त्यासाठीं खास औद्योगिक क्षेत्रें उभारलीं. त्या उत्साहाच्या काळांत, २००६ सालीं, माझ्या भावांनीं दोन एकरांत शिराझ जातीच्या वेली लावल्या. पहिल्या हंगामाचे पैसे वेळेवर मिळाले. पुढें २००८ च्या अखेरीस मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. त्याच सुमारास जगभर मंदी पसरली. हॉटेलें ओस पडलीं, वाइनचा खप घसरला, कित्येक मद्यशाळा अडचणींत आल्या. ज्या मद्यशाळेशीं भावांचा करार होता तिनें २००९ चा माल नेला, पण पैसे दिले नाहींत. त्यापुढील वर्षीं मालच नेला नाहीं. वाइनचें द्राक्ष खाण्याच्या बाजारांत कोणी घेत नाहीं. मणी लहान, साल जाड, आंत बिया. व्यापारी त्याकडे पाहतहि नाहीं. अखेर २०१० सालीं त्यांनीं ती बाग स्वतःच्या हातानें तोडली. त्या काळीं नाशिक जिल्ह्यांत असें करणारे ते एकटे नव्हते. त्यानंतर कोणत्याहि मद्यशाळेची पायरी ते चढले नव्हते. आमच्या आग्रहास्तव त्या दिवशीं प्रथमच आले.

मळा आणि मद्यशाळा

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरांत श्री. राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व २००० सालीं 'सुला' या नांवानें पहिली वाइन बाजारांत आणली. २००५ सालीं तेथें पाहुण्यांस वाइन चाखण्यासाठीं दालन उघडण्यांत आलें. तेव्हांपासून मळा पाहणें हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला, व इतर पुष्कळांनीं तो मार्ग धरला. आम्ही गेलों ती मद्यशाळा याहून बरीच लहान, एका कुटुंबानें चालविलेली होती. एका वेळीं बारापेक्षां अधिक माणसें न घेण्याचा तेथील नियम आम्हांस आवडला. शेवटच्या माणसासहि प्रश्न विचारतां येतो.

मार्गदर्शन करणारी मुलगी जवळच्याच गांवची, कृषि पदवीधर. तिनें आम्हांस प्रथम कारखान्यांत न नेतां मळ्यांत नेलें. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव आपल्या डोक्यावर असतो. येथें वेली तारांवर उभ्या, कुंपणासारख्या वाढविल्या होत्या, म्हणजे ऊन व वारा घडांपर्यंत पोहोंचतो. खाण्याच्या द्राक्षांत मणी मोठा व्हावा म्हणून विरळणी करतात, संजीवकें देतात. येथें मणी लहान राहिलेलाच हवा, कारण रंग, वास व तुरटपणा सालींत असतो आणि लहान मण्यांत रसाच्या मानानें साल अधिक. त्यामुळें एकरी उत्पन्नहि खाण्याच्या द्राक्षाच्या निम्म्याच्या आसपासच घेतलें जातें. छाटण्या मात्र आपल्याकडील द्राक्षासारख्याच दोन : उन्हाळ्याच्या तोंडीं खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां फळ छाटणी. पीक तेवढें एकदांच घेतात. थंड देशांत हिवाळ्यांत वेल निजते. आमच्या उष्ण हवेंत ती निजत नाहीं, म्हणून कात्रीनेंच तिला शिस्त लावावी लागते. इब्न बतूतानें ज्या दोन बहरांची नोंद केली त्यांचें मर्म वेलीच्या याच स्वभावांत आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे दोन थेंब घालून तिनें साखरेचा आकडा दाखविला. तो बावीस ब्रिक्स होता. माझे भाऊ इतका वेळ कांहीं बोलले नव्हते. त्यांनीं एक मणी तोडला, चावला, बी तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "ताई, आकडा भरला आहे, पण बी अजून हिरवट आहे. चार दिवस थांबा." ती हसली व म्हणाली, "काका, आमचे वाइन करणारे साहेबहि सकाळीं हेंच म्हणाले." सोळा वर्षांपूर्वीं बाग तोडलेल्या माणसाची विद्या हातांतून गेली नव्हती.

कारखान्यांतील कृति थोडक्यांत अशी. घड पहाटेच्या गारव्यांत तोडून आणतात. यंत्रानें देठ वेगळे करून मणी फोडतात. पांढऱ्या वाइनसाठीं रस तत्काळ पिळून सालीपासून निराळा करतात. तांबडीसाठीं साल व बिया रसांतच ठेवून आंबवितात, म्हणून तिला रंग चढतो. यीस्ट हे सूक्ष्म जंतु साखर खाऊन तिचें मद्यार्क व कर्बवायु यांत रूपांतर करतात. पोलादी टाक्यांभोंवतीं थंड पाणी फिरवून उष्णता आवरली नाहीं तर वास उडून जातो. आपल्या हवेंत विजेचा मोठा खर्च येथेंच होतो. कांहीं तांबडी वाइन पुढें ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्महिने मुरवितात. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतें. सव्वा किलोचा शेतकऱ्यास मिळणारा भाव आणि बाटलीची दुकानांतील किंमत हीं शेजारीं मांडण्याचें काम वाचकांनीं स्वतः करावें. मधल्या अंतरांत यंत्रें, वीज, बाटली, बूच, कर, वाहतूक व दुकानदार आहेत हें खरें. परंतु आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नांव.

चाखण्याच्या दालनांत पेला कसा धरावा, रंग कसा पाहावा, हलवून वास कसा घ्यावा, हें त्या मुलीनें समजाविलें. माळकऱ्यांस द्राक्षाचा ताजा रस देण्यांत आला, आणि वासाची परीक्षा तर त्यांनींच उत्तम केली. एकानें पेरू ओळखला, दुसऱ्यानें ओल्या गवताचा वास सांगितला. निघण्यापूर्वीं भावांनीं एक बाटली हातांत घेऊन उलटसुलट पाहिली. तीवर जातीचें नांव होतें, वर्ष होतें, मद्यशाळेचें नांव व पत्ता होता. त्यांनीं विचारलें, "ज्यानें पिकविलें त्याचें नांव कोठें आहे?" मुलगी म्हणाली, "काका, हीं द्राक्षें मालकांच्याच मळ्यांतलीं आहेत. त्यांचेंच नांव तें." भावांनीं बाटली जागेवर ठेविली. वर्षानुवर्षें त्यांच्या मनांत असलेल्या कोड्याचें उत्तर त्यांस त्या एका वाक्यांत मिळालें, असें मला वाटलें.

इटलींत काय घडलें

अशा सहलींची प्रथा युरोपांतून आली आहे, व त्यांत इटलीचा इतिहास आपणांस विशेष बोधप्रद आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधील कियांतीच्या टेकड्यांवर शतकानुशतकें अर्धेलीची पद्धत होती. जमीन मालकाची, राबणारें कुटुंब कुळाचें, पीक निम्मेंनिम. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत ढांसळली. १९६४ सालीं कायद्यानें नवे अर्धेलीचे करार बंद केले. तरुण माणसें कारखान्यांत गेलीं आणि टेकड्यांवरील दगडी घरें रिकामीं पडलीं. पुढें १९८५ सालीं तेथें कृषि-पर्यटनाचा कायदा झाला. शेतकऱ्यास आपल्या घरीं पाहुणे ठेवण्याची व स्वतःचा माल त्यांस वाढण्याची मुभा मिळाली. अट एवढीच कीं शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे.

दुसऱ्याच वर्षीं त्या देशावर मोठें संकट आलें. कांहीं लोभी व्यापाऱ्यांनीं स्वस्त वाइनमध्यें मिथेनॉल हें विष मिसळलें व वीसांहून अधिक माणसें दगावलीं. साऱ्या इटालियन वाइनवरील विश्वास डळमळला. त्यानंतर तेथील उत्पादकांचा कल भरमसाट मालाऐवजीं चोख मालाकडे वळला. १९९३ पासून मे महिन्यांतील एका रविवारीं मद्यशाळांचीं दारें सर्वांस खुलीं करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि १९९९ सालीं 'वाइनचे रस्ते' आखण्यासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. ज्यानें पिकविलें त्याच्याच अंगणांत बसून ग्राहक माल घेऊं लागला, म्हणजे भेसळीची शंका उरत नाहीं आणि मधल्या माणसाचा वाटाहि कमी होतो.

हा संबंध महाराष्ट्रांतहि आला आहे. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ मोटेवाडीस 'फ्रातेल्ली' ही मद्यशाळा आहे. या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ'. इटलींतील सेच्ची बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु व अकलूजचे मोहिते-पाटील बंधु यांनीं ती मिळून काढली, आणि टस्कनींतील अनुभवी वाइनकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखालीं कियांतीची सांजोवेझे ही वेल आपल्या माणदेशाच्या शेजारीं रुजली. तेथेंहि मळा व कारखाना एकाच हातांत आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आपण काय घ्यावें

या सर्वांवरून दौलताबाद-खुलताबादच्या शेतकऱ्यांनीं उद्यांच वाइनच्या वेली लावाव्या, असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. उलट पहिला धडा हा कीं, जें पीक एकाच गिऱ्हाइकास विकतां येतें, तें भाव, उचल करण्याची मुदत व आगाऊ रक्कम हीं लेखी ठरल्यावांचून लावूं नये. करार असला तरी करार करणारा बुडूं शकतो. म्हणून सारी जमीन त्यांत गुंतवूं नये.

दुसरा धडा आपल्या दारांतलाच आहे. वेरूळास जाणारा प्रवासी दौलताबादच्या किल्ल्यापाशीं थांबतो, रस्त्याच्या कडेला टोपलींतलीं सीताफळें व पेरू घेतो आणि निघून जातो. झाड त्यानें पाहिलेलें नसतें, पिकविणारा त्यास ठाऊक नसतो. मग भावाची घासाघीस होणारच. शहरांतील माणूस शेतांत बसण्याचे पैसे देतो, हें हुरड्याच्या दिवसांत आपण दरवर्षीं पाहतोंच. जें हुरड्यास शक्य तें सीताफळास, पेरूस व द्राक्षासहि शक्य आहे. राज्य शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून नोंदणीची सोयहि आहे. त्यास महाल बांधावा लागत नाहीं. स्वच्छ पाणी, सावली, नीट शौचगृह, आणि झाडाविषयीं खरें तेंच सांगणारा घरचा माणूस, एवढें आरंभास पुरे.

परततांना रात्रीं निफाडास भाऊ उतरले. निरोप घेतांना त्यांनीं एकच सांगितलें : पाहुणे आणाल तेव्हां प्रत्येक पेटीवर पिकविणाऱ्याचें नांव व गांव घाला, माल वाईट निघाला तर शिव्या आपल्यालाच मिळाल्या पाहिजेत. ही सूचना संघाच्या पुढील बैठकींत मांडण्यांत येईल. येत्या सीताफळाच्या हंगामांत दौलताबाद परिसरांतील दोन मळ्यांवर दहा-दहा पाहुण्यांची सहल काढून पाहावी, असा विचार आहे. ज्या सभासदांस आपला मळा दाखविण्याची इच्छा असेल त्यांनीं भाद्रपद लागण्यापूर्वीं चिटणिसांस कळवावें, व कळवितांना झाडांची संख्या आणि पाण्याची सोय तेवढी खरी लिहावी.