हाडाच्या काठाची साक्ष

मानवी मेंदू ज्या अस्थिमय तळावर विसावलेला असतो तो वरकरणी अभेद्य भासला, तरी वस्तुतः तो अनेक लहानमोठ्या रंध्रांनी विद्ध असून दृष्टी, श्रवण, वाणी, गिळणे या क्रियांचे मज्जातंतू त्याच अरुंद वाटांनी ये-जा करतात. अशा एखाद्या वाटेत गाठ उद्भवली म्हणजे तिची जात ओळखणे मोठे कठीण होऊन बसते. कारण अन्यत्र गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची जी सोय असते ती येथे सहजासहजी लाभत नाही, आणि गाठ रक्ताने ओथंबलेली असल्यास तसा प्रयत्न रोग्याच्या जिवावर बेतण्याचाही संभव असतो. तेव्हा शस्त्र उचलण्यापूर्वी चित्राचीच जबानी घ्यावी लागते.

कानाच्या खाली खोलवर असलेले ज्युग्युलर रंध्र पाहा. मेंदूतील अशुद्ध रक्त नेणारी मोठी शीर येथून मानेत उतरते आणि तिच्या सोबतीला नववा, दहावा व अकरावा हे मज्जातंतू असतात. येथे गाठ वाढली की आवाज घोगरा होतो, घास अडखळतो, खांदा उतरतो. परंतु ही लक्षणे रोगाचा मुकाम तेवढा सांगतात, रोगाचे नाव सांगत नाहीत.

ते नाव पुष्कळदा हाडाचा काठ सांगतो. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि त्या सीटी स्कॅनची पुढची पिढी आज एक मिलिमीटरहूनही पातळ काप घेऊन हाडाची कड न् कड उलगडून दाखविते. मज्जातंतूच्या आवरणातून निघणारी श्वानोमा वर्षानुवर्षे संथपणे रेटत राहते. त्यामुळे रंध्र रुंदावते खरे, पण त्याची कड गुळगुळीत व रेखीव राहते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली पॅरागँग्लिओमा मात्र हाडातील बारीक पोकळ्यांतून शिरकाव करते आणि कसर लागलेल्या वस्त्रासारखी हाडाची कड कुरतडलेली दिसते. मेंदूच्या वेष्टनातून उगवणारी मेनिंजिओमा हाडात झिरपली, तरी ते हाड बहुधा अधिकच दाट व जाड होते. हाडाचा हा दाखला मला तरी या सर्व तपासणीतील सर्वांत विश्वसनीय वाटतो.

तथापि एका साक्षीवर निवाडा करणे बरे नव्हे. एमआरआय यंत्र शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकणांना स्पंदित करून त्यांचा प्रतिसाद टिपते. वेगाने वाहणारे रक्त तो प्रतिसाद देण्यापूर्वीच कापातून पुढे निघून गेलेले असते, म्हणून त्या जागी काळे ठिपके उमटतात. मोठ्या पॅरागँग्लिओमात हे काळे ठिपके आणि साकळलेल्या वा मंद रक्ताचे पांढरे ठिपके मिसळून मीठमिरी विखुरल्यासारखे चित्र दिसते. मेनिंजिओमाला लागून वेष्टन शेपटीसारखे जाड झालेले आढळते, तर श्वानोमा मज्जातंतूच्या वाटेने लांबट वाढते आणि मोठी झाल्यावर तिच्यात द्रवाच्या पोकळ्या होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे दिसणारा प्रत्येक फुगवटा हा रोग नसतो. उजवे ज्युग्युलर रंध्र डाव्यापेक्षा स्वभावतःच मोठे असणे ही नित्याची गोष्ट आहे आणि तेथील शिरेत रक्त रेंगाळले, तर एमआरआयवर गाठीचा हुबेहूब आभास होतो. अशा वेळी सीटीवर रंध्राची कड अभंग दिसली आणि शिरेचे स्वतंत्र चित्र घेऊन खातरजमा झाली म्हणजे निरोगी माणूस शस्त्रक्रियेच्या भयातून सुटतो.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे: एका कानात नाडीचे ठोके ऐकू येऊ लागले, आवाज वा बोलणे अकारण बदलले, तर दुर्लक्ष करू नये, आणि तपासणीस जाताना पूर्वीची सर्व चित्रे, नुसते अहवाल नव्हेत, बरोबर न्यावीत. पाच वर्षांपूर्वीही रंध्र एवढेच होते की त्यानंतर वाढले, हे त्या जुन्या चित्रांवरूनच ठरते.