साहेबाच्या पुस्तकातले पुंड आणि वीर

१८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली आणि लंडनच्या दिवाणखान्यांत हिंदुस्थानातला एक खुनी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगू लागला. लेखक फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला अधिकारी. त्याचा अमीर अली सातशे एकोणीस खून अभिमानाने मोजून दाखवतो. मधली बारा वर्षं कैदेत गेली नसती तर हजार पुरे केले असते, अशी त्याला खंत आहे. ओळख नसताना त्याच्या हातून सख्खी बहीणही मारली गेली आहे. एवढं असूनही वाचक त्याच्या बोलण्यात गुंततो, हे टेलरचं मोठं यश. पण अमीर अली बोलतो केव्हा? बेड्या पडल्यावर, साहेबापुढे बसून.

साम्राज्यकाळातल्या इंग्रजी साहित्याचा हा कल मला पुनःपुन्हा दिसतो. बंडखोराला तिथे मोठेपण मिळतं, पण बहुधा त्याच्या हातातलं हत्यार गेल्यावर. वॉल्टर स्कॉटची ‘रॉब रॉय’ १८१७ च्या अखेरीस आली. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत हायलँडर पुरते मोडले होते आणि आता त्यांच्याच पलटणी राजासाठी लढत होत्या. गुरं पळवणारा डोंगरी पुंड नायक व्हायला आता काहीच आडकाठी नव्हती. किपलिंगच्या १८८९ च्या पोवाड्यातला सरहद्दीवरचा कमाल असाच. कर्नलची घोडी पळवणारा हा लुटारू शूर आणि दिलदार आहे, पण शेवटी आपला मुलगा तो इंग्रजांच्या गाइड्स पलटणीत धाडतो. तो मुलगा दिला नसता तर कवीने कमालला एवढा मान दिला असता, असं मला वाटत नाही.

कथेबाहेर मात्र ही दिलदारी नव्हती. ठगांसाठी केलेल्या १८३६ च्या कायद्याने टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. १८७१ च्या कायद्याने तर सबंध जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो स्वतंत्र भारतात १९५२ साली पुसला गेला, तोही कागदावर. टेलरची कादंबरी या कायद्यांचं कारण नव्हे. पण गुन्हा रक्तातून आणि परंपरेतून येतो, ही समजूत वाचकांच्या मनात रुजवण्यात अशा पुस्तकांचा वाटा होता, आणि तो मला क्षम्य वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण उमाजी नाइकांचं. पुरंदरच्या परिसरातल्या या रामोशी नाइकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी मुंबईत रामोशांवर एक पुस्तक छापलं आणि त्यात उमाजींचं चरित्र घातलं. माणूस पकडायचा, फासावर चढवायचा आणि मग त्याचं चरित्र लिहायचं! तरी आज उमाजींविषयी बोलताना अभ्यासकांना याच पुस्तकाकडे वळावं लागतं.

टेलर पुन्हा आपल्या मुलखात येतो तो ‘तारा’ या १८६३ च्या कादंबरीत. नळदुर्गाकडे त्याने कारभार केला होता. तुळजापूर त्याच्या पाहण्यातलं. ताराही तुळजापूरचीच ब्राह्मणकन्या, आणि कथेत शिवाजी महाराज व अफझलखान आहेत. १६५७, १७५७, १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांची तीन कादंबऱ्यांची साखळी जुळावी म्हणून १६५९ चा अफझलखानवध त्याने दोन वर्षं मागे ओढला. मला जास्त महत्त्वाची वाटते ती भवानी. अमीर अलीचे ठग जिच्या नावाने रुमाल उचलतात ती भवानीच, आणि ‘तारा’तल्या मराठ्यांची आराध्यही तीच. पहिल्या पुस्तकात ती भीतीची देवता आहे. दुसऱ्यात, माणसांमध्ये राहून आल्यावर, टेलरला तिच्या देवळातली श्रद्धा दिसू लागली आहे. त्याच्या बाजूने मी एवढं तरी म्हणेन.

१८५७ च्या उठावानंतर मात्र सूर कडवट झाला. नानासाहेब पेशवे इंग्रजी कादंबऱ्यांत राक्षस झाले. त्यामानाने ज्यूल व्हर्न या फ्रेंच माणसाला मोकळीक होती. १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये त्याने कॅप्टन नेमोला बुंदेलखंडचा, त्या युद्धात लढलेला राजपुत्र ठरवलं. पण पाचच वर्षांनी त्यानेही नानासाहेबांना खलनायक केलं.

या सगळ्यांत मला विल्की कॉलिन्स सर्वांत धीट वाटतो. १८६८ च्या ‘मूनस्टोन’मध्ये हिऱ्यासाठी पहिलं रक्त सांडतो तो इंग्रज अधिकारी, श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत. त्या हिऱ्यामागे इंग्लंडपर्यंत गेलेले तीन ब्राह्मण खून करतात, तरी लेखकाची सहानुभूती त्यांच्यावरून ढळत नाही, आणि हिरा सोमनाथाला परत येतो. विद्रोहाला दहा-अकरा वर्षं होत असताना हे लिहायला छाती लागते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनेही १८८८ च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये दोन भटक्या गोऱ्यांना काफिरिस्तानात राज्य कमवायला धाडलं, तेव्हा राज्य आणि दरोडा यांतली रेघ किती पुसट असते ते दाखवून दिलं. पुढच्या किपलिंगमध्ये हा निर्भयपणा मला क्वचितच सापडतो.

सी. ए. किंकेडचं नाव आपल्याकडे द. ब. पारसनीसांबरोबर लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासामुळे माहीत आहे. त्याआधी, १९०५ साली, त्याने काठियावाडच्या बहारवटियांवर, म्हणजे तिथल्या बंडखोर पुंडांवर, पुस्तक लिहिलं होतं. त्याचा मुलगा डेनिस याने १९३७ साली शिवचरित्र लिहिलं आणि महाराजांना ‘थोर बंडखोर’ म्हटलं. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासापासून हे अंतर मोठं आहे. बहारवटियांच्याच कथा झवेरचंद मेघाणींनी १९२७ पासून गुजरातीत आणल्या, चारणांच्या आणि गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून. किंकेड आणि मेघाणी शेजारी ठेवून वाचावेत. दुसऱ्या पुस्तकात पुंडांविषयी साहेब नव्हे, गाव बोलतं.