कंबरदुखी : शिक्षकांनी घरी करावयाचे सौम्य व्यायाम

प्राथमिक शिक्षकाचा बराचसा दिवस वाकण्यात जातो. बसकरपट्टीवर बसलेल्या मुलाची वही पाहावयाची तर कंबरेतून वाकावे लागते. फळ्याच्या तळाशी लिहावयाचे तरी तेच. त्यात तासन् तास उभे राहणे आणि खाचखळग्यांच्या रस्त्याने दुचाकीचा प्रवास. तेव्हा कंबर धरली, उसण भरली, अशी तक्रार शाळाशाळांतून ऐकू यावी यात नवल नाही. नवल वाटते ते त्यावरील उपायांचे. कोणी पायाळू माणसाची लाथ कंबरेवर घेतो. ती हळू लागली तर फारसे बिघडत नाही, इतकेच. कोणी आठ-पंधरा दिवस अंथरूण धरतो. हा दुसरा उपाय शहाणपणाचा दिसतो, आणि म्हणूनच तो अधिक नुकसान करतो.

पूर्वी डॉक्टरही सक्त विश्रांतीच सांगत असत. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी महापालिकेच्या नोकरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस पडून राहण्यास, काहींना व्यायाम करण्यास आणि उरलेल्यांना सोसेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगण्यात आले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. पडून राहिल्याने स्नायू दुर्बळ होतात, सांधे ताठरतात आणि हालचालीची भीती मनात घर करते.

यावरून पहिल्या दोन-तीन दिवसांचा नियम ठरतो. व्यायामाची घाई करू नये. घरातल्या घरात थोडे थोडे चालावे, एका स्थितीत फार वेळ राहू नये. कळ बोथट झाली की व्यायामास आरंभ करावा.

सतरंजी जमिनीवर अंथरावी. मधोमध खचलेली बाज उपयोगाची नाही. उताणे पडून गुडघे दुमडावेत, पोटाचे स्नायू किंचित आवळून कंबरेची पोकळी जमिनीस टेकवावी, पाच अंक मोजून सैल सोडावी. नंतर एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढावा. पुढे हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन मांजराप्रमाणे पाठ हळूहळू वर फुगवावी व खाली सोडावी. प्रत्येक प्रकार प्रथम पाच वेळा, सवयीने दहा वेळा करावा. श्वास कोठेही कोंडू नये.

शेवटी पालथे पडून कोपरांच्या आधाराने छाती उचलावी, कंबर सैल ठेवावी. न्यूझीलंडचे भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेंझी यांनी या प्रकाराचा विशेष पुरस्कार केला. त्यांची खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : पायात उतरलेली कळ मागे सरून कंबरेपाशी येऊ लागली, तर व्यायाम मानवतो आहे, ती पायात आणखी खाली उतरू लागली, तर तो प्रकार तत्काळ थांबवावा.

सूर्यनमस्काराची सवय असलेल्या शिक्षकांस दुखण्यावरही तेच करावेसे वाटते. सूर्यनमस्कार उत्तमच, परंतु त्यातील पुढे वाकणे दुखऱ्या कंबरेस जड जाते. रात्रभरात मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्याबरोबर वाकणे विशेष बाधते. सकाळचा पहिला तासभर वाकणे टाळावे आणि वरील व्यायाम सायंकाळी करावेत.

मात्र लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास व्यायामाचा विचारही न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन अकारण घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही प्रथम डॉक्टरांस दाखवावे.

वर्गात वही तपासताना वाकण्याऐवजी मुलाशेजारी एक गुडघा टेकून बसावे. मुलालाही शिक्षकाचा चेहरा समोर दिसतो.