मिशाळ माशांचें पोट आणि आपली पेंड

बिडकीनहून पैठणकडे जातांना कपाशी, मका आणि सोयाबीन यांचीं शेतें लागतात. पुढें १९७६ सालीं पुरा झालेला नाथसागर येतो. पाणी आणि पेंड दोन्ही जवळ असतां शेततळ्यांत मागूर किंवा पंगस पाळावा, असें वाटणें साहजिक आहे. (आफ्रिकन मागुरास मात्र २००० सालापासून बंदी आहे.) परंतु माशानें खाल्लेल्यांपैकीं त्याच्या अंगीं किती लागलें, हें पाहिल्यावांचून हिशेब जमावयाचा नाहीं.

पचन मोजण्याची रीत सोपी आहे. खाद्यांत शेंकडा १ भाग क्रोमिक ऑक्साइड ही न पचणारी हिरवी पूड मिसळतात. विष्ठेंत तिचें प्रमाण शेंकडा ४ भरलें, तर १०० भाग कोरड्या खाद्याचे २५ भाग उरले, असें त्रैराशिक निघतें. खाद्यांत ३२ भाग प्रथिन असून त्या २५ भागांत ४ च उरलें, तर ३२ पैकीं २८, म्हणजे शेंकडा ८७॥ प्रथिन पचलें.

आतां आपल्या जिनसा पाहूं. सुक्या मासळीची चांगली भुकटी या माशांस उत्तम पचते. सोयाबीनच्या पेंडींतील प्रथिनही जवळजवळ तितकेंच पचतें. मात्र कच्च्या दाण्यांत प्रथिनाचें पचन रोखणारें द्रव्य असतें, तें उष्णतेनें नाहींसें करावें लागतें. सरकीच्या पेंडींत गॉसिपॉल नांवाचें द्रव्य असतें. तें लायसिन या आवश्यक घटकास बांधून टाकतें, म्हणून ही पेंड बेतानेंच घालावी. मक्याचें पीठ कच्चें दिल्यास त्याचें पिष्ट बरेंचसें वायां जातें. शिजविल्यास कितीतरी अधिक पचतें. धान्यांतील व पेंडींतील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपांत असल्यानें माशास मिळत नाहीं.

न पचलेलें अन्न तळाशीं कुजतें, पाण्यांतील प्राणवायु खातें आणि अमोनिया वाढवितें. इतर मासे अशा वेळीं पृष्ठभागीं येऊन तडफडतात. मागूर हवेंतूनही श्वास घेतो. त्यामुळें पाणी बिघडलें तरी तो तगून राहतो, आणि मालकास बिघाड उशिरां कळतो. तोंवर पैसा पाण्यांत गेलेला असतो.

म्हणून पोत्यावरील प्रथिनाचा आंकडा वाचून थांबूं नये. पेंड भाजलेली आहे काय, मका शिजविला आहे काय, हें विचारावें. दर पंधरवड्यास कांहीं मासे तोलावे आणि घातलेल्या खाद्याशीं वाढ ताडून पाहावी. वहींतील त्या दोन रकान्यांवरून तळ्याची खरी स्थिति वेळींच उमजेल.